शंभर मिलिमीटरची रेघ

सतरा पानांचं संमतिपत्र. टेगन म्हणाली,
घरी न्या, उना, सावकाश वाचा.
मी म्हटलं, पोरी, बेचाळीस वर्षं सफरचंदं निवडली मी,
डाग कुठे असतो ते मला पाठीमागूनही कळतं.
नवव्या पानावर सापडला:
"या उपचाराचा तुम्हाला स्वतःला फायदा होईलच असं नाही."
इतकं सरळ मला कुणी काही विकलं नव्हतं.
तिथेच सही ठोकणार होते,
पण जागा शेवटच्या पानावर होती.

महिन्यातून एकदा ह्यूऑन नदीकाठाने हॉबार्टची बस,
आणि डाव्या गुडघ्यात एक सुई.
सुईत औषध असेल, नाहीतर नुसतं मिठाचं पाणी.
टेगनला ठाऊक नाही, डॉक्टरला नाही,
कुठल्याशा कुलपातल्या कागदाला काय ते ठाऊक.
बाकावर शेजारी नेव्हिल, मेंढ्या कातरून वाकलेला,
शपथेवर सांगतो, त्याला खरंच मिळतंय.
पटवायला म्हणून उकिडवा बसला.
उठवायला दोघी लागलो.

आणि रोज रात्री घरी एक रेघ.
दहा सेंटिमीटर, आडवी, ना खाच ना आकडा.
एका टोकाला "अजिबात नाही",
दुसऱ्या टोकाला "कल्पना करता येईल तितकं".
मधे कुठेतरी आपण खूण करायची;
टेगन पट्टी लावते
आणि माझ्या रात्रीचे मिलिमीटर होतात.

पहिला आठवडा मी उलटाच भरला.
काय करणार? शेडमध्ये आकडा वाढला की फळ बारीक:
पेटीत एकशे तेरा बसली तर ती टपोरी,
एकशे अठ्ठ्याण्णव म्हणजे चिंगळी, रसाच्या वाटेची.
हाताला लागलेलं वळण.
टपोरं दुखणं मी सवयीने डावीकडे सोडलं.
टेगनने शिकवलं: खोडरबर नाही, गिरगटायचं नाही.
चुकलेल्यावर एकच रेघ, खालचं वाचता यावं अशी.
बाजूला आद्याक्षरं आणि तारीख.
सात रात्री, सातदा यू. डी.
माझ्या चुकांना एवढा मान
लग्नाच्या नवऱ्यानेही दिला नव्हता.

जुलैत, एका गुरुवारी, एल्वा गेली.
बहीण, आणि पट्ट्यावर माझ्या डाव्या हाताची.
पातळ कागदात फळ ठेवून मनगटाचा एक झटका,
की कागदाची शेपटी पिळलेली, फळ पेटीत.
मला तो झटका कधीच जमला नाही.
त्या दिवशी इस्पितळाचा जिना मी तीनदा चढले.
गुडघा गप्प. एकदाही बोलला नाही,
जणू त्यालाही कुणी सांगितलं होतं.
रात्री रेघेसमोर बसले
आणि खूण केली ती पार टोकाजवळ.

एक्क्याण्णव, टेगन म्हणाली, ऑगस्टात, पट्टी लावून.
पडलात का? काही झालं होतं?
मी सांगितलं.
तिने पट्टी खाली ठेवली. खिडकीत नदीचं तोंड,
फुकटचं मिठाचं पाणी, मैलोन्‌मैल.
मग म्हणाली, तुमचं उत्तर आहे, मी हात लावणार नाही.
बदलायचं असेल तर पद्धत तुम्हाला ठाऊक आहे.

प्रश्न पुन्हा वाचला.
"गेल्या चोवीस तासांत तुमचा गुडघा किती दुखला?"
गुडघा, असं छापलं होतं. दुसरं काही विचारलं नव्हतं.
डागी फळ खालच्या थरात मी कधी दडवलं नाही,
मालक बघत नसतानाही नाही.
कुणाच्या तरी गुडघ्याचा हिशेब होता हा,
अजून न जन्मलेल्या एखाद्या बाईच्या.
मी पेन घेतलं.
खूण शून्यावर आणली
आणि एक्क्याण्णववर एकच रेघ ओढली,
खालचं वाचता यावं अशी.
यू. डी. चौदा ऑगस्ट.

परतीच्या बसमध्ये मात्र दुखला मेला.
सेहेचाळीस, फार तर सत्तेचाळीस.
रात्री तेवढंच भरलं.